गेमच्या सर्व्हरचा खाडा : वर्गणी भरणाऱ्याने भरपाई काय मागावी, कुणाकडे मागावी

२० ऑक्टोबर २०२५ ला नरकचतुर्दशी होती. पहाटेची आंघोळ, फराळ, फटाके उरकून पोरं दुपारी फोन आणि कॉम्प्युटरसमोर बसायच्या वेळेला रोब्लॉक्स उघडेना, फोर्टनाईट उघडेना. "तुझं चालायलंय काय रे?" असे मेसेज शहापूरहून वडगावला, वडगावहून अनगोळला फिरले असणार. बिघाड होता अमेरिकेतल्या व्हर्जिनियात. ॲमेझॉनच्या क्लाउडमधल्या एका डेटाबेस सेवेची डीएनएस नोंद, म्हणजे तिचा इंटरनेटवरचा पत्ताच, रिकामी झाली होती. त्या सेवेवर उभे असलेले शेकडो ॲप त्यामुळे आडवे झाले. बेळगावात कुणी राउटर बंद-चालू करून काहीही होणार नव्हतं.

अशा वेळी घरात दोन प्रश्न येतात. पोराचा प्रश्न : कधी चालू होणार? पैसे भरणाऱ्या बापाचा प्रश्न : महिन्याचे पैसे तर कापून गेले, मग बंद दिवसांचं काय? हा लेख दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

माझं मत आधीच सांगतो. दूधवाला चार दिवस आला नाही तर आपण महिन्याच्या हिशोबात खाडा धरतो, त्यात भांडण काही नसतं. मुदतीवर पैसे घेणाऱ्या गेमलाही तोच हिशोब लागू व्हायला हवा. जितके दिवस गेले तितके दिवस परत, आणि त्या दिवसांत जे हातचं निसटलं, म्हणजे सीझनचं बक्षीस, मोजक्या दिवसांचा इव्हेंट, तेही परत. त्याहून जास्त, 'मानसिक त्रासाचे पन्नास हजार' वगैरे, मागायला जाल तर हातात काही पडणार नाही आणि साधी मागणीही हास्यास्पद ठरेल. पण खाडा आपोआप धरला जाईल असं समजू नका. तो मागावा लागतो, लेखी मागावा लागतो, आणि योग्य दारात मागावा लागतो.

आधी बिघाड कुणाचा ते ठरवा

सीमाभागात ही पायरी गाळून चालत नाही, कारण इथे सर्व्हर पडण्याआधी बाकी बरंच काही पडतं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर झाडं तारांवर पडतात, हेस्कॉमची लाईट जाते, खांबावरून ओढलेली फायबर तुटते. घरात इन्व्हर्टर असल्यामुळे राउटर चालू दिसतो आणि आपल्याला वाटतं नेट आहे. पण केबलवाल्याच्या गल्लीतल्या पेटीला वीज नसते. फायबरच्या मोडेमवर 'लॉस' नावाचा दिवा लाल झाला असेल तर सिग्नलच येत नाही. मग गेम कंपनीला पत्र लिहू नका, केबलवाल्याला फोन करा.

दिवा ठीक असेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून हॉटस्पॉट घ्या आणि त्यावर गेम उघडून बघा. हॉटस्पॉटवर चालला तर दोष तुमच्या ब्रॉडबँडचा. दोन्हींवर बंद असेल तर गावाबाहेरच्या कुणाला तरी विचारा. पुण्यातल्या मावसभावाचंही बंद, हैदराबादच्या मित्राचंही बंद, म्हणजे सर्व्हरचाच खाडा. पुण्यात चालू आणि बेळगाव-निपाणीत सगळ्यांचं बंद असेल तर बहुतेक मधल्या वाटेचा दोष असतो. याशिवाय प्रत्येक मोठ्या गेमचं किंवा कन्सोल नेटवर्कचं 'स्टेटस' पान असतं. डाउनडिटेक्टरसारख्या साईटवर लोकांच्या तक्रारींचा आलेख दिसतो. तो आलेख पुरावा म्हणून कच्चा आहे, कारण लोक आपल्या घरचं वायफाय गेलं तरी तिथे बोट दाबतात. पण अंदाज घ्यायला बरा.

दोष नेटवाल्याचा निघाला तर उलट तुमचं काम सोपं आहे. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०२४ च्या सेवा-दर्जा नियमांत भरपाई लिहूनच ठेवली आहे : एखाद्या जिल्ह्यात मोठा नेटवर्क खंड २४ तासांहून जास्त राहिला तर पोस्टपेडवाल्याला बिलात सूट आणि प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची आहे. गेमच्या सर्व्हरसाठी आपल्याकडे असा नेमका नियम नाही. म्हणून पुढचा सगळा खटाटोप.

बंद म्हणजे कसलं बंद?

सगळ्या खाड्यांची किंमत सारखी नसते. आधी जाहीर करून केलेली देखभाल, मग ती आठवड्याला काही तास का असेना, भरपाईच्या हिशोबात धरू नये. ती धरली तर अपडेट कधी करायचं? मात्र 'चार तास' सांगून देखभाल दोन दिवस लांबली तर वरचा वेळ खाड्यात जातो.

सर्व्हर पूर्ण आडवा होणं ही सरळ गोष्ट. प्लेस्टेशन या सोनीच्या कन्सोलचं नेटवर्क २०११ च्या एप्रिलमध्ये हॅकिंगनंतर बंद केलं गेलं आणि सुमारे तेवीस दिवस बंद राहिलं. ७ कोटी ७० लाख खात्यांची माहिती धोक्यात आली होती. सोनीने परतीची भेट म्हणून काही ठरावीक गेमपैकी दोन फुकट निवडायला दिले आणि 'प्लस' या वर्गणीच्या सभासदांची मुदत वाढवली. तेच नेटवर्क ८ फेब्रुवारी २०२५ ला, आपल्याकडच्या शनिवारी पहाटेपासून, जवळपास २४ तास बंद राहिलं. त्या वेळी प्लस सभासदांना पाच दिवस वाढवून मिळाले. कारण म्हणून कंपनीने 'ऑपरेशनल इश्यू' एवढे दोनच शब्द दिले.

अवघड प्रकार आहे तो 'सर्व्हर चालू, पण जागा नाही' हा. डिसेंबर २०२१ मध्ये फायनल फँटसी चौदा या ऑनलाईन गेमचा नवा भाग आला तेव्हा लॉगिनच्या रांगा इतक्या लांबल्या की तासन् तास थांबून एरर येऊन लोक पुन्हा रांगेच्या शेवटी जात होते. तांत्रिक भाषेत सर्व्हर बंद नव्हता. तरीही गेमच्या कंपनीने, स्क्वेअर एनिक्सने, आधी सात आणि नंतर आणखी चौदा दिवस फुकट दिले, आणि नव्या प्रतींची विक्रीच काही काळ थांबवली. माझ्या मते या धंद्यातलं हे सर्वांत सरळ उदाहरण आहे : ज्याला आत घेता येत नाही त्याच्याकडून पैसे घेऊ नयेत. तुमच्या तक्रारीला 'सर्व्हर तर चालू होता' असं उत्तर आलं तर हे उदाहरण द्या.

अर्धवट बिघाडही असतात. गेम चालतो पण मॅच लागत नाही, मित्रयादी दिसत नाही, स्टोअर उघडत नाही. यांत तुम्ही ज्यासाठी पैसे भरलेत नेमकं तेच बंद होतं का एवढंच बघायचं. ऑनलाईन खेळण्यासाठीच वर्गणी असेल आणि मॅचमेकिंग बंद असेल, तर तुमच्यापुरता गेम बंदच.

पुरावा त्याच दिवशी गोळा करा

नंतर काही सापडत नाही. स्टेटस पान हिरवं होतं, एररचा आकडा आठवत नाही. म्हणून गेम बंद असतानाच एररच्या पडद्याचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात फोनचं घड्याळ आणि तारीख दिसू दे. स्टेटस पानाचा स्क्रीनशॉट वेगळा. कंपनीने सोशल मीडियावर बिघाड कबूल केला असेल तर ती पोस्टही जपून ठेवा. यापेक्षा भक्कम पुरावा नाही, कारण तो त्यांच्याच तोंडचा आहे.

वेळेचा घोळ टाळा. स्टेटस पानावरची वेळ बहुतेकदा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असते, त्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. अमेरिकन किनाऱ्याची वेळ दिली असेल तर तारीखही एका दिवसाने सरकते. वर सांगितलेला प्लेस्टेशनचा २०२५ चा खंड अमेरिकेत ७ तारखेच्या संध्याकाळी सुरू झाला, आपल्याकडे ८ उजाडली होती. तक्रारीत दोन्ही वेळा लिहिल्या की सपोर्टवाल्याला 'त्या तारखेला काही बिघाड नव्हता' म्हणता येत नाही.

पैशाचा कागद हवाच : ईमेलवर आलेली पावती, यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वर्गणी कधी सुरू झाली आणि कधी संपते. बऱ्याच घरांत खातं मुलाच्या नावाचं आणि पैसे वडिलांच्या यूपीआयवरून, असं असतं. त्यात बिघडत काही नाही. ग्राहक संरक्षण कायद्यात पैसे देणाऱ्याबरोबर त्याच्या संमतीने सेवा वापरणाराही ग्राहक धरला आहे आणि अल्पवयीन मुलाच्या वतीने आईवडील तक्रार करू शकतात. फक्त दोन नावांचा संबंध तक्रारीच्या पहिल्याच ओळीत लिहा.

तुम्ही नक्की काय विकत घेतलंय?

मासिक किंवा वार्षिक वर्गणी म्हणजे तुम्ही वेळ विकत घेतलाय. इथे दिवसाला दिवस ही मागणी चोख बसते.

सीझन पास, बॅटल पास, रॉयल पास यांचा प्रकार निराळा. तिथे पैसे भरून तुम्हाला फक्त संधी मिळते, बक्षीस खेळून कमवायचं असतं आणि सीझन ठरल्या तारखेला संपतो. सीझनच्या पहिल्या आठवड्यात एक दिवस गेला तर फारसं अडत नाही. शेवटच्या शनिवार-रविवारी गेला तर महिन्याभराच्या मेहनतीवर पाणी. म्हणून इथे पैसे मागण्यापेक्षा सीझनची तारीख पुढे ढकला किंवा बुडालेल्या रोजच्या मिशनचे गुण द्या, असं मागावं. कंपनीला यात खर्च जवळजवळ शून्य असतो, त्यामुळे हे मिळायची शक्यताही जास्त.

गेममधलं चलन, स्किन, कपडे यांना मुदत नसते. सर्व्हर दोन दिवस बंद राहिला तर त्यांचं नुकसान झालं असं म्हणता येत नाही. पण पैसे कापले गेले आणि चलन खात्यात पोहोचलंच नाही, तर तो सेवाखंड नाही, ती न पोहोचलेली वस्तू आहे. तिथे पूर्ण पैसे परत मागा.

आणि फुकट खेळणारे? कायद्यात मोबदल्याशिवाय दिलेली सेवा बसतच नाही. कंपन्या सगळ्यांच्या गेम-मेलबॉक्समध्ये थोडं चलन टाकतात ते खुशीने. ते मात्र ठरलेल्या तारखेआधी उघडून घ्या, नाहीतर तेही जातं.

पैसे लावून पैसे जिंकायचे खेळ या लेखात धरलेले नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने त्यांवर बंदीचा कायदा केला. तिथे अडकलेली रक्कम काढायची वाट वेगळी आहे.

हिशोब मांडा, आणि रुपयांपेक्षा दिवस मागा

समजा वर्गणी महिन्याला ४९९ रुपये आहे. तिसाने भागलं तर दिवसाला १६ रुपये ६३ पैसे. एक दिवसाच्या खाड्यासाठी रुपये मागितले तर तुमची हक्काची रक्कम सोळा रुपये, आणि एवढ्यासाठी कुठलीही कंपनी परताव्याचं यंत्र हलवत नाही. पण दिवस मागितले तर चित्र बदलतं. सोनीने एका दिवसाच्या बदल्यात पाच दिवस दिले. वरच्या दराने ते ८३ रुपये होतात. कंपनीला रोख द्यायला जड जातं, दिवस द्यायला हलकं. आपल्यालाही दिवसच हवे असतात. म्हणून पहिली मागणी नेहमी मुदतवाढीची ठेवा, आणि दुसरा पर्याय म्हणून प्रमाणात परतावा.

किती वेळाला खाडा म्हणावं? माझा ठोकताळा असा की महिन्यात एकूण सात-आठ तासांच्या आतला बिघाड सोडून द्यावा. ९९ टक्के वेळ सेवा चालू ठेवणाऱ्याचीही तीस दिवसांच्या महिन्यात ७ तास १२ मिनिटं बंद जातात. ९९.९ टक्केवाल्याची ४३ मिनिटं. त्यापुढे गेलं की पत्र लिहायला घ्या.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेम कंपन्या ज्या क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतात, त्यांच्याशी त्यांचे पक्के करार असतात. ॲमेझॉनच्या कॉम्प्युटर-भाड्याच्या करारात सेवा ९९.९९ टक्क्यांच्या खाली गेली तर बिलाच्या १० टक्के, ९९ च्या खाली ३० टक्के आणि ९५ च्या खाली पूर्ण १०० टक्के सूट लिहिलेली आहे. म्हणजे कंपनी स्वतः वरच्याकडून खाडा धरून घेऊ शकते, आणि खाली आपल्याला 'सेवा जशी आहे तशी' या कलमावर सही करायला लावते. ती वरची सूटही आपोआप मिळत नाही, ठरलेल्या मुदतीत अर्ज करावा लागतो. कोट्यवधींचं बिल भरणाऱ्यांना मागावं लागतं, तिथे आपण मागायला लाजायचं कारण नाही.

योग्य दार कुठलं?

ज्याने पैसे घेतले त्याचं. पावतीवर नाव कुणाचं आहे ते बघा.

पावती गूगल प्लेची असेल तर ४८ तासांच्या आत गूगलकडेच परताव्याची मागणी टाका. त्यानंतर गूगल बहुधा गेम बनवणाऱ्याकडे बोट दाखवतं. ॲपलची असेल तर त्यांच्या 'रिपोर्ट अ प्रॉब्लेम' पानावर जा. स्टीम या कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानातून गेम घेतल्यापासून १४ दिवसांत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर परतावा मिळतो. स्टीमवरच्या वर्गणीसाठी नूतनीकरणानंतर ४८ तास, आणि त्या मुदतीत ती वापरलेली नसली पाहिजे. कन्सोलची वर्गणी असेल तर कन्सोल कंपनी. मुदतवाढ किंवा सीझनची तारीख मात्र दुकानदाराच्या हातात नसते, ती गेम कंपनीकडेच मागायची. म्हणून अनेकदा दोन अर्ज करावे लागतात.

गल्लीतल्या मोबाईल दुकानातून किंवा टेलिग्रामवरच्या कुणाकडून स्वस्तात चलन भरून घेतलं असेल, तर तुमचा हक्क त्या माणसाकडे, कंपनीकडे नाही. व्हीपीएन लावून दुसऱ्या देशाच्या स्वस्त दराने वर्गणी घेणाऱ्यांनी तर तक्रार करण्याच्या फंदात पडू नये. तक्रार तपासताना तेच आधी दिसतं, आणि खातं जातं ते वेगळंच.

पत्र असं लिहा

सपोर्टची पहिली खिडकी बहुधा बॉट असतो, पत्र लांबलं की तो भलतंच उत्तर चिकटवतो. तेव्हा आठ-दहा ओळी पुरे. कंपनीचा फॉर्म इंग्रजीत असला तर मराठी मसुदा भाषांतराच्या ॲपमधून काढा, पण तारखा, वेळा आणि रक्कम स्वतः तपासा. मसुदा साधारण असा :

"माझी मासिक वर्गणी अमुक तारखेपासून चालू आहे, पावती क्रमांक अमुक. अमुक तारखेला भारतीय वेळेनुसार सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी सकाळी सहापर्यंत मला लॉगिन करता आलं नाही. एरर क्रमांक आणि स्क्रीनशॉट सोबत आहेत. याच काळात आपल्या स्टेटस पानावर बिघाडाची नोंद होती, त्याची प्रतही जोडली आहे. माझ्या इंटरनेटमध्ये दोष नव्हता. दोन वेगळ्या कंपन्यांच्या जोडण्यांवरून तपासलं आहे. मी या दिवसाचे पैसे भरले आहेत. म्हणून, एक, वर्गणीची मुदत एका दिवसाने वाढवावी; दोन, त्या दिवशी बुडालेल्या मिशनचे गुण द्यावेत. हे शक्य नसल्यास प्रमाणात परतावा द्यावा. पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे."

यात शिव्या नाहीत, धमकी नाही, 'मी पाच वर्षं तुमचा ग्राहक आहे' हे रडगाणंही नाही. मागणी नेमकी आहे, त्यामुळे समोरच्याला हो किंवा नाही म्हणावंच लागतं. 'गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत' एवढंच उत्तर आलं तर तेच तिकीट, म्हणजे तक्रारीची नोंद, पुन्हा उघडा आणि लिहा : माझ्या दोन मागण्यांपैकी एकीचंही उत्तर मिळालेलं नाही. नवीन तिकीट काढू नका, सगळा पत्रव्यवहार एका क्रमांकाखाली राहू दे.

उत्तर आलं नाही तर

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ऑनलाईन विक्री करणाऱ्याने तक्रार निवारण अधिकारी नेमायचा असतो, त्याचं नाव-संपर्क साईटवर द्यायचा असतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं असतं. डिजिटल वस्तूही या नियमांत येतात. हे नाव साईटच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात सापडतं. आधीचं सगळं जोडून त्याला मेल करा. सपोर्टची खिडकी जे देत नाही ते या मेलने मिळायची आशा जास्त, कारण इथून पुढचा प्रवास कायद्याच्या दिशेने असतो हे त्यांनाही कळतं.

तेही जमलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, १९१५. सकाळी आठ ते रात्री आठ, राष्ट्रीय सुट्ट्या सोडून. मराठीतही बोलता येतं आणि कन्नडमध्येही. फोन लागल्यावर भाषा निवडायची. व्हॉट्सॲपचा क्रमांक ८८००००१९१५. हेल्पलाईन आदेश देऊ शकत नाही, ती तुमची तक्रार कंपनीच्या संबंधित माणसापर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. छोट्या रकमेच्या प्रकरणांसाठी मी इथेच थांबायला सांगेन.

जिल्हा ग्राहक आयोग : कधी आणि कुठला

सोळा रुपयांसाठी आयोगात जाऊ नका. पण वर्षाची वर्गणी एकरकमी भरली आणि सेवा आठवडेच्या आठवडे बंद आहे, किंवा हजारोंचं चलन घेतलं आणि गेमच भारतातून गेला, तर जा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतली त्रुटी ही तक्रारीची बाब आहे. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. तक्रार घटनेपासून दोन वर्षांत करायची. वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते, व्हिडिओवर सुनावणीची विनंतीही करता येते. एकाच खाड्याने भरडलेले बरेच जण असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार चालते.

कंपनी म्हणेल, करारात लिहिलंय की वाद परदेशातल्या लवादापुढेच न्यायचा. घाबरू नका. लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग या प्रकरणात डिसेंबर २०१८ मध्ये कायम केलं आहे. खरी अडचण वेगळी आहे : कंपनीचं भारतात कार्यालयच नसेल तर नोटीस पोहोचवायची कुठे? तेव्हा पावती देणाऱ्या कंपनीचा भारतातला पत्ता आहे का, ते आधी बघा. नसेल तर आयोगाचा नाद सोडलेला बरा.

आता सीमाभागातल्या माणसाच्या कामाची गोष्ट. जुन्या कायद्यात बहुतेकदा कंपनी जिथे असेल तिथे जावं लागायचं. नव्या कायद्यात तक्रारदार जिथे राहतो किंवा जिथे पोटासाठी स्वतः काम करतो, तिथल्या आयोगातही तक्रार करता येते. राहायला बेळगावात आणि कामाला शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत, किंवा राहायला निपाणीत आणि नोकरी कागलच्या एमआयडीसीत, अशी हजारो माणसं रोज हद्द ओलांडतात. त्यांना बेळगावचा आयोग आणि कोल्हापूरचा आयोग, दोन्ही खुले आहेत. बेळगावात कामकाज कन्नड-इंग्रजीत चालतं. कोल्हापुरात मराठीत मांडणी करणं सोपं जातं. चंदगडहून बेळगावात दुकानावर येणाऱ्याला उलट बेळगाव जवळ पडतं. मात्र एकच तक्रार दोन्हीकडे टाकू नका, आणि नोकरीचा पुरावा, म्हणजे पगारपत्रक किंवा ओळखपत्र, जोडायला विसरू नका. फक्त शिकायला कोल्हापुरात जाणाऱ्याला 'काम करतो' म्हणता येणार नाही.

गेमिंग पार्लर चालवणाऱ्यांनी आयोगात जाण्याआधी वकिलाला विचारावं. धंद्यासाठी घेतलेली सेवा असेल तर 'ग्राहक' या व्याख्येवरच वाद उभा राहतो.

बँकेकडून पैसे उलटे फिरवायचे का?

कार्डाच्या बँकेत वाद घालून रक्कम परत घेता येते हे खरं. पण एका दिवसाच्या खाड्यासाठी ते करू नका. असं चार्जबॅक आलं की अनेक कंपन्या खातंच गोठवतात, आणि त्या खात्यात वर्षानुवर्षं घेतलेले सगळे गेम अडकतात. हे हत्यार फक्त दोन वेळा काढायचं : वस्तू मिळालीच नाही तेव्हा, किंवा वर्गणी रद्द करूनही पैसे कापले गेले तेव्हा.

त्यापेक्षा ऑटोपेवर लक्ष ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे दर कापणीच्या निदान २४ तास आधी सूचना येते. गेम आठवडाभर अडखळतोय आणि नूतनीकरणाचा मेसेज आला, तर त्याच क्षणी यूपीआय ॲपमधल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन थांबवा, आणि गेमच्या खात्यातूनही रद्द करा. एकाच ठिकाणी रद्द केलं तर घोळ होतो. रद्द करायचं बटण मुद्दाम लपवलेलं असेल तर हेल्पलाईनवर तेही सांगा. २०२३ च्या डार्क पॅटर्नविरोधी, म्हणजे ग्राहकाला फसवणाऱ्या मांडणीविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत वर्गणीचा सापळा हा प्रकार नावानिशी नोंदलेला आहे.

गेम कायमचाच बंद झाला तर

इथे भरपाईचा अनुभव दोन टोकांचा आहे. सोनीचा कॉन्कॉर्ड हा गेम २३ ऑगस्ट २०२४ ला आला, ६ सप्टेंबरला बंद झाला, आणि घेतलेल्या सगळ्यांना पूर्ण पैसे परत मिळाले. गूगलने जानेवारी २०२३ मध्ये स्टेडिया ही आपली गेमसेवा बंद करताना यंत्राचे आणि गेमचे पैसे परत केले, पण मासिक प्रो वर्गणीचे केले नाहीत. उलट यूबीसॉफ्टने द क्रू या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले तेव्हा दहा वर्षांत पैसे देऊन गेम घेतलेल्यांच्या हातात काही खेळण्याजोगं उरलं नाही, आणि त्या रागातून युरोपात सह्यांची मोठी मोहीम उभी राहिली.

बंद होण्याची घोषणा साधारण काही महिने आधी येते. ती आली की त्याच दिवशी चलन विकत घेणं थांबवा. ऑटोपे तोडा. खात्यातल्या शिल्लक चलनाचा आणि वार्षिक वर्गणीच्या उरलेल्या महिन्यांचा स्क्रीनशॉट काढा. मग परताव्याची मागणी सर्व्हर चालू असेपर्यंतच पाठवा. बंद झाल्यावर तुमच्या खात्यात काय होतं हे दाखवायला पडदाच उरत नाही, आणि बऱ्याचदा सपोर्टचा फॉर्मही गेमबरोबरच जातो.